व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये बाबांना सम सापडेना

पाथवाला_जर्सी

आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे न्यू जर्सीला आलेत. नायगारा झालं, वॉशिंग्टन झालं, ओक ट्री रोडवरची खरेदी दोनदा झाली, आता रोज संध्याकाळी बाबा बाल्कनीत उभे राहून पार्किंगमधल्या गाड्या मोजतात. म्हणून गेल्या बुधवारी त्यांना म्हटलं चला तुम्हाला गाणं ऐकायला नेतो.

बाबा तबला वाजवतात. म्हणजे बँकेतली नोकरी सांभाळून ४० वर्षं भजनी मंडळ, गणपती, आणि मिरजेला दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असतं तिथे दरवर्षी रात्रभर मांडी घालून. जॅझ हा शब्द त्यांनी ऐकलेला पण लिफ्टमध्ये वाजतं ते, एवढीच समजूत. माझीही चार वर्षांपूर्वी तीच होती, खोटं कशाला बोलू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हिलेज व्हॅनगार्ड ही मॅनहॅटनमध्ये सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवर १७८ नंबरला एक तळघरातली जागा आहे, १९३५ पासून तिथेच. बाहेर लाल छत, एक दार, आत शिरलं की लगेच खाली उतरणाऱ्या १५ पायऱ्या. बाबांचे गुडघे असे की मी प्रत्येक पायरीला मोजत होतो म्हणून आकडा पक्का आहे. खाली एक तिरकी, निमुळती होत जाणारी खोली, त्रिकोणी म्हणा, आणि टोकाला स्टेज. १२३ माणसं बसतात. आमच्या सांगलीच्या वाड्याच्या सोप्यात याहून जास्त माणसं जेवायला बसलीत. जेवण मिळत नाही, एक ड्रिंक घ्यावंच लागतं (बाबांनी जिंजर एल घेतलं आणि त्याचा भाव ऐकून ते पुढचा तासभर अर्ध्या ग्लासावर पुरवलं). फोटो नाही, फोन नाही, बोलणं नाही.

आम्ही लवकर जाऊन रांगेत उभे होतो त्यामुळे ड्रमवाल्याच्या अगदी जवळचं टेबल मिळालं. जवळ म्हणजे हात लांब केला तर झांज लागेल इतकं. पियानो, बास (उभं धरून वाजवायचं ते भलंमोठं व्हायोलिनसारखं वाद्य), ड्रम्स, तिघंच. ते स्टेजमागून येत नाहीत, आपल्या खुर्च्यांमधून वाट काढत येतात, एकजण तर बाबांना एक्स्क्यूज मी म्हणून गेला. तिघं युरोपचा दौरा संपवून आलेले, २४ दिवसांत १९ गावं असं पियानोवाला माइकवर म्हणाला, आणि बासवाल्याचा स्वतःचा बास विमानात तडकलाय म्हणून आज मित्राचा मागून आणलाय. हे मी कानात सांगितल्यावर बाबांचा चेहरा बदलला. "परक्याच्या वाद्यावर वाजवायचं म्हणजे परक्याच्या चपला घालून पळायचं," म्हणाले. तिथून पुढे त्यांची नजर त्या पोरावरच.

पहिलं संथ होतं. ड्रमवाल्याने काठ्या ठेवल्या आणि तारांचे ब्रश घेतले, आणि ते स्नेअर ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवायला लागला. मी हा आवाज हेडफोनवर शंभर वेळा ऐकलाय, पण चार फुटांवरून ऐकणं वेगळंच. बाबा हळूच म्हणाले, सुपात तांदूळ पाखडतायत. अगदी तोच आवाज आहे हो! मला आता दुसरं काही ऐकूच येत नाही.

मग सम, म्हणजे तालाचं आवर्तन फिरून जिथे येतं ती पहिली मात्रा, शोधायला बाबांनी बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. टेबलाखाली. १६ पर्यंत गेले, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन, काही झालं नाही. परत १६. परत. मधेच खालून सबवे गेली, फरशी घरघरली, तरी मोजणं चालू. शेवटी माझ्या कानाशी येऊन, त्यांच्या मते हळू आवाजात, "सम कुठाय?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून बघितलं. मी काय सांगणार, मला आवडतं एवढंच, कळतं कुठे.

विसेक मिनिटांनी त्यांनी बोटं सोडून दिली आणि नुसते बसले. घरी येताना पाथ ट्रेनमध्ये जर्नल स्क्वेअर येईपर्यंत गप्प. मग म्हणाले, "पोरं तयारीची आहेत. पण सम लपवून ठेवतात."

तर जाणकारांनो, सम कुठे असते? त्यांना उत्तर हवंय, आणि परत जायचंय. दोन्ही त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मिरची_भजी

सुपात तांदूळ __/\__

बाकी ते परक्याच्या चपला पण जबरी. बाबांना आयडी काढून द्या इथे.

कट्ट्यावरचा_नाना

वाचलं. छान लिहिलंय पण एक प्रश्न, चाळीसेक डॉलर तिकीट, वर ड्रिंक, वर तुम्ही दोघं, म्हणजे शंभराची नोट गेली, तेही तासा-सव्वातासाच्या एका सेटसाठी. यूट्यूबवर तेच लोक फुकट आहेत आणि बाबांना पायऱ्या पण उतरायला लागणार नाहीत. हे जॅझ प्रकरण म्हणजे मला तरी ज्याला त्याला आपण काहीतरी भारी ऐकतो हे दाखवायचं असतं असं वाटतं. वैयक्तिक घेऊ नका.

पाथवाला_जर्सी

नानासाहेब, वैयक्तिक घेतलं नाही, शंभराच्या वरच गेले. पण यूट्यूबवर तांदूळ पाखडल्याचा आवाज येत नाही.

खालचा_षड्ज

सम कुठाय याचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी पुण्यात गिटार शिकवतो आणि लहानपणी आठ वर्षं तबला शिकलोय त्यामुळे तुमच्या बाबांचा गोंधळ माझाही झालेला आहे, तोच, तसाच.

बाबा १६ मोजत होते तिथेच घोटाळा आहे. जॅझमधल्या बऱ्याचशा जुन्या चिजा ३२ बारच्या असतात (हे बार प्यायचे नव्हेत, मोजायचे). प्रत्येक बारमध्ये ४ मात्रा धरा. म्हणजे एक आवर्तन १२८ मात्रांचं! बाबांनी १६ मोजले तेव्हा जेमतेम चार बार झाले होते, तिथे काय होणार कप्पाळ. आपल्या तीनतालाची आठ आवर्तनं झाली की त्यांचं एक होतं, त्याला ते कोरस म्हणतात. या ३२ चे परत ८-८ चे चार तुकडे: पहिली ओळ, परत तीच ओळ, मग मधे वेगळी चाल ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी परत पहिली ओळ. आपल्याकडचं अस्थायी-अंतरा-अस्थायी डोक्यात ठेवलं तरी काम भागतं. दुसरा मोठा साचा १२ बारच्या ब्लूजचा, म्हणजे ४८ मात्रा, तो बाबांना जास्त लवकर सापडेल.

सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल एकदा वाजवतात, मग त्याच साच्यावर, आवर्तनामागून आवर्तन, एकेकजण आपलं मांडतो. चाल वाजत नसते पण साचा तिघांच्या डोक्यात चालू असतो. साच्याची जी पहिली मात्रा तिला ते टॉप म्हणतात, तीच सम. पण आपल्यासारखं तिथे येऊन मान हलवायची पद्धत नाही. उलट चांगला वाजवणारा टॉपवरून मुद्दाम सरळ पुढे निघून जातो, वाक्य मधेच तोडायला नको म्हणून. बाबा म्हणतात ते बरोबर आहे, लपवतातच.

आता युक्ती. बाबा तबलजी म्हणून ड्रमवाल्याकडे बघणार. बघू नका म्हणावं! ठेका ड्रमकडे नसतो, बासकडे असतो. बासवाला दर मात्रेला एक असं चालत राहतो, त्याला वॉकिंगच म्हणतात. आणि ड्रमवाल्याच्या डाव्या पायाखालची झांजांची जोडी असते ना, हाय-हॅट, ती दोन आणि चारवर मिटते. चक्-- चक्--. ते पकडलं की निम्मं काम झालं. आपली माणसं टाळी एक आणि तीनवर देतात आणि मग जॅझवाले कसनुसं हसतात.

आणि शेवटी शेवटी चार-चार बारची देवाणघेवाण होते, चार बार पियानो, चार बार एकटा ड्रम, परत पियानो. ते बाबांना सांगायला नको, सवाल-जवाब ओळखतीलच.

अनुस्वार

>> आपल्याकडचं अस्थायी-अंतरा-अस्थायी

ही असली समीकरणं मांडू नयेत असं माझं स्पष्ट मत. सम म्हणजे नुसती पहिली मात्रा नव्हे, तिच्याकडे सगळं ओढलं जातं. जॅझमध्ये ती ओढ स्वरांच्या बदलाची, कॉर्ड्सची (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांची) असते, तालाची नाही. टॉपला सम म्हणणं म्हणजे इडलीला भाकरी म्हणण्यासारखं आहे, दोन्हीने पोट भरतं म्हणून.

खालचा_षड्ज

मान्य, पूर्ण मान्य. पण ज्याला भाकरीच माहितीये त्याला इडली काय हे सांगताना सुरुवात भाकरीपासूनच करावी लागते ना राव.

मिरची_भजी

भूक लागली.

रंगभवन_७८

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून वर्षभराने लॉगिन केलं. वय वर्षे ७१, तेव्हा थोडं पाल्हाळ चालवून घ्या.

मी कॉलेज संपवून नुकता नोकरीला लागलो होतो तेव्हा, १९७८ साली, मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली. निरंजन झवेरी या माणसाने वेडापायी उभी केली. जागा रंगभवन, धोबीतलावला, झेव्हियर्सच्या शेजारी, उघडं नाट्यगृह, वर आकाश. मला जॅझमधलं ओ का ठो कळत नव्हतं, ऑफिसातल्या एका गोवेकर मित्राने तिकीट दिलं म्हणून गेलो. आणि स्टेजवर सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स.

आता गंमत बघा. जर्सीकर ज्या तळघरात बाबांना घेऊन गेले, तिथे झालेली पहिली लाइव्ह रेकॉर्ड याच रोलिन्सची. ३ नोव्हेंबर १९५७, दुपारी एक जोडी साथीला, रात्री दुसरी, पियानो नाहीच, नुसता सॅक्सोफोन, बास आणि ड्रम. पियानो नाही म्हणजे पेटीशिवाय गाण्यासारखं, सगळा भार गाणाऱ्यावर. तेच वर्ष व्हॅनगार्डचं जॅझचं म्हणून नक्की झालं, त्याआधी मालक मॅक्स गॉर्डन तिथे कवी, लोकगीतवाले, विनोदी नकला करणारे असं सगळं चालवायचा.

आणि हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस वाजवणं बंद करून काही महिने पवईला येऊन राहिला होता! स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात, योग आणि वेदान्त शिकायला. आता तिथे चहूकडे टॉवर आहेत, तेव्हा पवई म्हणजे रान होतं. मी त्या काळात घाटकोपरला शाळेत जात होतो. म्हणजे जगातला एवढा मोठा सॅक्सोफोनवाला माझ्यापासून पाच-सहा मैलांवर डोळे मिटून बसला होता आणि मी भूमितीत नापास होत होतो.

रंगभवन पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं, शेजारी कॉलेज, हॉस्पिटल, मैफली बंद झाल्या. नियम चुकीचा असं मी म्हणणार नाही, मला पण आता रात्री दहानंतर स्पीकर सोसवत नाही. पण तिथून गेलो की मान वळतेच.

कट्ट्यावरचा_नाना

काका, हे भारी आहे. रोलिन्स पवईत हे माहीतच नव्हतं. माझा वरचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. अर्धाच.

माजोर्डेकर

रंगभवनकाका, तुमचा तो गोवेकर मित्र कोण असेल याचा विचार करतोय, आमच्या गावचा असण्याची शक्यता पन्नास टक्के :-)

माझे आजोबा व्हायोलिन आणि नंतर ट्रम्पेट वाजवायचे. गावच्या चर्चच्या शाळेत सोलफेजो शिकलेले, म्हणजे कागदावरचे सूर वाचायला लहानपणीच शिकवायचे, आणि मग मुंबईला जाऊन धोबीतलावला गावच्या कूडमध्ये पथारी. कूड म्हणजे त्या त्या गावच्या लोकांची मुंबईतली खोली, एक पेटी ठेवायला जागा आणि झोपायला चटई, बोटीवर नोकरी लागेपर्यंत नाहीतर बँडमध्ये काम मिळेपर्यंत.

लोकांना वाटतं जॅझ काल-परवा आलं. १९३५ मध्ये, म्हणजे व्हॅनगार्ड सध्याच्या तळघरात आलं त्याच साली, ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन आला. मग पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. त्यांचं ऐकून ऐकून आमची माणसं तयार झाली. मिकी कोरियाचा बँड तर १९३९ पासून वीसेक वर्षं ताजमध्ये होता. आणि शिक चॉकलेट, खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँगच (अमेरिकेतला ट्रम्पेटचा बादशहा) म्हणायचे. मराठी माणसाने हा आपला नाही असं म्हणू नये, कारण आपल्या सी. रामचंद्रांचा, म्हणजे चितळकर अण्णांचा, तो अरेंजर. भगवानदादांच्या 'अलबेला'त, १९५१, जो ट्रम्पेट ऐकून तुमचे आजोबा थिएटरात नाचले तो त्याचा, आणि पडद्यावर पण तो आणि त्याचा बँड दिसतो.

फक्त एक दुखणं आहे. आजोबा सांगायचे की हॉटेलात लोक नाचायला यायचे, ऐकायला नाही. वाजवणाऱ्याला ऐकणारी खोली हवी असते. म्हणून काम संपल्यावर रात्री दोन वाजता हे लोक कुणाच्या तरी खोलीत जमून एकमेकांसाठी वाजवायचे, ट्रम्पेटच्या तोंडात मोजा कोंबून, शेजारी उठू नयेत म्हणून. ते खरं वाजवणं, असं म्हणायचे. तुमच्या व्हॅनगार्डचं वर्णन वाचून मला ती खोली आठवली, न बघितलेली.

रंगभवन_७८

मोजा कोंबून! अहो माजोर्डेकर, हे लिहून ठेवा कुठेतरी, इथे धाग्यात वाहून जाईल.

गोधडी

मी न्यूयॉर्कला नऊ वर्षं होते, आता नाशकात. व्हॅनगार्डला किती वेळा गेले ते मोजलं नाही. एकटी बाई रात्री साडेअकराला बाहेर पडली तरी कधी भीती वाटली नाही, हे आधी नोंदवते.

मी जायचे तेव्हा दाराशी, आत, सगळीकडे लॉरेन गॉर्डन यांचा धाक असायचा. मॅक्सची बायको. मॅक्स १९८९ ला वारले, जागा एक दिवस बंद राहिली आणि दुसऱ्या दिवशी यांनी उघडली, आणि २०१८ मध्ये स्वतः जाईपर्यंत चालवली. आता मुलगी डेबोरा बघते. कुणी सेट चालू असताना कुजबुजलं की लॉरेनबाईंची नजर यायची. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आठवायच्या, खरंच सांगते. जर्सीकरांच्या बाबांनी "सम कुठाय" त्यांच्यासमोर विचारलं असतं तर काय झालं असतं कल्पना करवत नाही.

या बाईंचं एक मला फार आवडतं. १९४८ मध्ये पियानोवाल्या थेलोनियस मंकला कोणी विचारत नव्हतं, तेव्हा त्या ब्लू नोट रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायनच्या पत्नी होत्या, त्यांनी मॅक्सच्या मागे लागून मंकला व्हॅनगार्डमध्ये वाजवायला लावलं. कोणीही आलं नाही. सपशेल आपटलं. मॅक्स वैतागला, आणि त्याच ओळखीतून पुढे दोघांचं लग्न झालं. मंक मोठा व्हायला बराच वेळ लागला, लग्न आधी झालं :-)

नानांना उत्तर: यूट्यूब आणि तिथलं ऐकणं यात फरक काय हे मला बिल इव्हान्सने शिकवलं. २५ जून १९६१, रविवार, पियानोवर इव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन, दुपार-रात्र मिळून पाच सेट. त्या रेकॉर्डिंगमध्ये ग्लास किणकिणतात, कोणीतरी हसतं, लोक आपल्याच गप्पांत आहेत. पंधरा-वीस टाळ्या वाजतात, संपलं. इतिहासातल्या सगळ्यात सुंदर दुपारींपैकी एक आणि समोर बसलेल्यांना पत्ता नाही. दहा-अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, २५ वर्षांचा. मी पहिल्यांदा तिथे बसले तेव्हा गाणं सुरू व्हायच्या आधी माझाच ग्लास टेबलावर ठेवला आणि तोच आवाज झाला. तोच, रेकॉर्डमधला. मला एकदम कसंतरी झालं, मी तो ग्लास रात्रभर परत उचलला नाही.

खालचा_षड्ज

गोधडीताई, लाफारोचं नाव काढलंत ते बरं झालं. बाबांना सम न सापडण्याचं दुसरं कारण तोच आहे. मी वर लिहिलं ना की बास चालत राहतो, ठेका धरतो. त्या त्रिकुटात लाफारोने चालणंच सोडलं. पियानो एक म्हणणार, बास मधेच उत्तर देणार, ड्रम तिसरंच काहीतरी बारीक, आणि तिघांच्याही डोक्यात साचा पक्का पण वाजवून दाखवत कोणीच नाही. त्यानंतरची निम्मी पियानो त्रिकुटं त्या रस्त्याने गेलीत. जर्सीकरांचे वादकही त्याच पठडीतले असतील तर बाबांनी पहिल्याच दिवशी एकदम अवघड पेपर सोडवायला घेतला.

म्हणून सल्ला, सोमवारी न्या. सोमवारी तिथे मोठा वाद्यवृंद असतो, १६-१७ माणसं त्या एवढ्याशा खोलीत. थॅड जोन्स आणि मेल लुईस या दोघांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये सुरू केलेला, तोच पुढे व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा म्हणून आजतागायत दर सोमवारी चालू आहे. मोठ्या बँडमध्ये लिहिलेलं जास्त असतं, ८ बार संपले की आठ पितळी वाद्यं एकदम अंगावर येतात, सम लपवायची म्हटली तरी लपत नाही.

टेम्पोत_ढोल

मी साउंडवाला आहे, पुणे-मुंबई-गोवा. बाहेरून येणाऱ्या बँडांची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो, त्या तडकलेल्या बासवरून आठवलं.

दौऱ्यावरचा ड्रमवाला फक्त झांजा आणि काठ्या घेऊन येतो, बाकीचा सेट भाड्याचा, प्रत्येक गावात वेगळा. सॅक्सवाला आपलं वाद्य मांडीवर घेऊन विमानात बसतो. बासवाल्याचे हाल कुत्रा खात नाही. ती वस्तू माणसापेक्षा उंच, केबिनमध्ये न्यायची तर वेगळं सीट काढा, खाली टाकली तर देव आठवा. म्हणून बरेच जण गावोगावी उसना बास घेतात. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे आलेल्या एकाला आम्ही कॉलेजच्या वाद्यवृंदातला बास आणून दिला, त्याच्या तारा बहुतेक माझ्या मुंजीच्या वेळच्या होत्या. त्याने दुपारी दोन तास बसून त्याच्याशी दोस्ती केली, तारांखालची घोडी थोडी सरकवली, एका खुंटीत कागद घालून घट्ट केली, चहा मागवला, आणि रात्री असा वाजवला की तो बास ज्यांचा त्यांनीच विचारलं हा कुठला आणलास.

पियानोचं तर विचारूच नका, छोट्या जागेत खरा पियानो असणं हीच चैन आहे. ज्या हॉटेलात असतो तिथे त्याच्यावर फुलदाणी असते, आणि ट्यूनर मिळेपर्यंत बँड पुढच्या गावाला गेलेला असतो. आमच्याकडे ऐंशी माणसांच्या जागेत परदेशी त्रिकूट आणायचं म्हणजे तिकिटाच्या पैशात प्रवासखर्चही निघत नाही, कुठल्यातरी देशाची सांस्कृतिक संस्था विमानभाडं देते म्हणून जमतं. आणि दहाला स्पीकर बंद. मुंबईत लोअर परळच्या मिलमधला ब्लू फ्रॉग २००७ ते २०१६ चालला, तिथे खूप काम केलं मी, तशी जागा परत झाली नाही. दिल्लीत पियानो मॅन आहे, तिथे मात्र गाणं चालू असताना शांत बसा असं सांगतात, तेव्हा पहिल्यांदा मला आपलं काम ऐकू आलं.

ऐंशीतले साठ लोक बोलत असतात भाऊ. हीच रड आहे. बासचा सोलो आला की लोकांना वाटतं मध्यंतर झालं.

मिरची_भजी

शेवटच्या वाक्यावर मी गुन्हेगार. सॉरी. पुढच्या वेळी गप्प बसेन.

अनुस्वार

टेम्पोत_ढोल, उत्तम प्रतिसाद. आमच्याकडेही बैठकीत तबल्याचा सोलो लागला की लोक भज्यांच्या चौकशीला उठतातच, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

अवांतर: याच व्हॅनगार्डमध्ये नोव्हेंबर १९६१ च्या पहिल्या आठवड्यात सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनने चार रात्री रेकॉर्डिंग केलं, आणि त्यात 'इंडिया' नावाची एक रचना आहे. एकाऐवजी दोन बास, त्यातून तंबोऱ्यासारखा खालचा स्वर धरून ठेवलेला, वर त्याचा सोप्रानो सॅक्सोफोन आणि एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट. कोल्ट्रेन तेव्हा रविशंकरांच्या ध्वनिमुद्रिका ऐकत होता, पुढे १९६५ मध्ये मुलगा झाला त्याचं नाव रवी ठेवलं. यात मात्र कॉर्ड जवळपास हलतच नाही, एकाच षड्जावर सगळा खेळ. समीकरणं मांडू नयेत असं मीच म्हणालो होतो, पण ही बाबांना ऐकवा. इथे भाकरी आहे.

खालचा_षड्ज

स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय.

पाथवाला_जर्सी

अपडेट. उशीर झाला, आईला ताप होता, आता बरी आहे.

बाबांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. मोज्याची गोष्ट दोनदा वाचायला लावली. कोल्ट्रेनचं ऐकवलं, पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले तंबोरा लागलाय पण जुळवणारा घाईत होता. अनुस्वार यांनी राग मानू नये.

आणि काल सोमवारी परत गेलो. या वेळी मीच मागे भिंतीला लागून बाकावर बसवलं, पितळी वाद्यं अंगावर येतील म्हणून. बरोबर केलं. स्टेजवर १६ माणसं अक्षरशः मांडीला मांडी लावून, ट्रॉम्बोनवाल्याची दांडी पुढच्या सॅक्सोफोनवाल्याच्या कानाशेजारून जाते-येते, आणि तो ढिम्म. बाबांनी गेल्या-गेल्या खिशातून आईच्या वाणसामानाच्या यादीची पाठकोरी बाजू काढली, त्यावर चार ओळी, ओळीत आठ-आठ चौकोन. घरून आखून आणले होते! मला पत्ता नाही.

पहिल्या दोन गाण्यांत तिसऱ्या ओळीपाशी घसरले. तिसऱ्यात मी बघत होतो, पेन्सिल चौकोनावरून चौकोनावर, ब्रिज आला तसं त्यांनी ओळीखाली रेघ मारली, मग चौथी ओळ, सात, आठ, आणि कागदावरून हात उचलून बरोबर टॉपवर गुडघ्यावर थाप. बरोबर! ट्रम्पेट पण तिथेच कोसळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोरच बघत होते, पण कान लाल झाले होते. पुढच्या आवर्तनात परत चुकले. परत नाही सापडली ती रात्रभर. तरी खूष.

पायऱ्या चढताना मधे थांबले, मला वाटलं गुडघा, तर म्हणाले "तो बासवाला पोरगा आज नाही?" म्हटलं बाबा ते वेगळे लोक, त्यांचा आठवडा संपला, ते आता कुठे असतील कोण जाणे. "त्याचा बास झाला का दुरुस्त?" मला काय माहीत. वर येईपर्यंत तोच विषय.

आज सकाळी ते एकटे बसने जाऊन तारांचे ब्रश घेऊन आलेत. सध्या स्टीलच्या ताटात वर्तमानपत्र घालून त्यावर फिरवणं चालू आहे, आणि आई म्हणतेय ते ताट आता जेवायला घ्यायचं नाही.

प्रश्न: पुढच्या महिन्यात परत जातायत, केबिन बॅगेत तारांचे ब्रश चालतात का?

टेम्पोत_ढोल

चालतील बहुतेक, पण मुंबईला उघडायला लावून वेळ खातील. बंद होणारे असतील तर तारा आत ओढून चेक-इनमध्ये टाका. बदामाच्या पिशव्यांच्या मधे ठेवा, वाकत नाहीत.

कट्ट्यावरचा_नाना

आणि सुपावर वाजवून बघायला सांगा एकदा. राहिलेला अर्धा पण मागे घेतो.